अक्षरामागे दर

रवळू पेंटर अक्षर मोजून पैसे घ्यायचा.
काना-मात्रा फुकट, जोडाक्षराला दीडपट.
माझी हाक त्यातली सगळ्यात स्वस्त,
एक अक्षर, एक काना:
बा.

समोरच्या दारातून नीलव्वाही हाक मारायची
बा,
आणि तिचा बसू धावत यायचा.
मी चार वर्षांची. मला वाटे
ही माझाच बाप बोलावतेय.
मग मी आमच्या उंबऱ्यावर आडवी बसायची,
कुणी त्याला नेऊ नये म्हणून.
कन्नडात बा म्हणजे ये, हे कळायला
पहिलीत जावं लागलं.

खानापुरात कन्नड वर, मोठं.
मराठी खाली, मावेल तसं.
कन्नड बा काढताना तो म्हणायचा,
बघ की, ह्याच्या डोक्यावर रेघ नाही,
वाटीसारखा उघडा, पाऊस थेट आत.
आपला बा छपराखालचा.
रात्री कुणीतरी एका भाषेला डांबर फासायचं,
पंधरवड्यानं दुसरं कुणी दुसरीला,
आणि दोन्ही सकाळी डबा-ब्रश घेऊन आम्हीच.
त्या वर्षी मला सायकल मिळाली.

निपाणीला तंबाखूच्या वखारीचा बोर्ड होता.
शेठचा धाकटा आतून ओरडला, बा, भूख लागी छे,
आणि बाहेर आली एक बाई,
कोपरापर्यंत कणीक.
मी वर बघितलं.
शिडीवर बा लाजून लाल.

उद्यमबागेत फौंड्रीच्या भिंतीवर
'धोका' लिहिताना भेटला रामसूरत,
फोनवर आईला सांगत होता, सब ठीक बा.
त्याच्या गावी बा म्हणजे आहे.
मनगटापर्यंत हात भाजलेला,
तरी ठीक बा.

आणि हायवेच्या ढाब्यावरचा तमिळ ड्रायव्हर
क्लीनरला म्हणायचा, वा!
आम्हाला वाटलं, पोराचं कौतुक चाललंय.
पोरगं पाना घेऊन पळत आलं.
मुजावर मास्तरांना विचारलं तर म्हणाले,
तो वा जुना.
कन्नडात शिरताना त्याचे ओठ मिटले, झाला बा.
मग आपला कुठला?
बप्प, त्याचा बाप, बाप झिजून बा.
तान्ह्याचे ओठ एकमेकांवर आपटतात ना, तो आवाज.
त्याला कसलं गाव आणि कसला जिल्हा.
फारसीत बा म्हणजे सोबत, अदबीला चिकटला की बाअदब.
मिसर देशात तर पाखरू,
तोंड माणसाचं,
मेल्यावर देहातून उडणारं.
बा चहा ओतता ओतता हसला:
काढतो की. तोंडाचे वेगळे पडतील.

तो अश्विनात गेला.
'गॅरेज'मधला जी अर्धा राहिला होता,
गॅरेजवाल्यानं तो तसाच ठेवलाय.

दहाव्याला मलप्रभेच्या काठी भात मांडला, वर वडा.
कावळे जांभळीवर, सगळे पाठ करून.
मामा म्हणाला, काहीतरी राहिलंय त्याचं, बोल.
दुकान चालवीन म्हटलं.
उधारी सोडीन म्हटलं.
जी पूर्ण करीन, तेही म्हटलं.
ऊन गुडघ्यापर्यंत चढलं,
भटजींनी दोनदा घड्याळ बघितलं.
नीलव्वा मागं उभी होती, बायकांपासून जरा लांब.
ती पदर खोचून पुढं आली,
झाडाकडे तोंड करून हाक मारली,
बा.
बारो.
बा.
माझ्या घशात दहा दिवस अडकलेलं तेच होतं.
ते दुसऱ्याच बाईच्या तोंडून नदीवर गेलं.

एक उतरला.
तिरका चालत आला, भात सांडला,
वडा उचलून थेट पलीकडच्या काठाला.

पाखरू आलं तर बंतु म्हणायचं,
माणूस आला तर बंद,
एवढं कन्नड मला बानंच शिकवलंय.
नीलव्वानं हात पदराला पुसले
आणि म्हणाली,
बंद.